'घोर' म्हणजे अँग्झायटी नव्हे

मुलाखती घेऊन संशोधन करणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, किती मुलाखती पुरतील?" मग बाराचा आकडा निघतो. त्यासाठी दाखला देतात तो गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांच्या २००६ सालच्या लेखाचा. घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती त्यांनी तपासल्या. पहिल्या बारांनंतर फारसं नवं हाती लागलं नाही. पण त्या स्त्रियांची परिस्थिती बरीचशी सारखी होती आणि प्रश्नही ठरावीक होते. आपण आकडा तेवढा उचलला, अट तिथेच राहिली.

मला आज एका वाक्याबद्दल बोलायचंय.

मुलं शिकायला बाहेरगावी गेली, त्यांच्या आयांवर माझी एक विद्यार्थिनी काम करत होती. मुलाखती मराठीत आणि कोडिंग, म्हणजे बोलण्यातल्या तुकड्यांना अर्थाची नावं देणं, इंग्रजीत, आपल्याकडे बहुतेक असंच चालतं. एक बाई म्हणाल्या होत्या, "पोरगं गेल्यापासून जिवाला नुसता घोर लागलाय." समासात हिने लिहिलं, 'अँग्झायटी'. पडताळणीसाठी मैत्रिणीला कोडिंग करायला दिलं, तिनेही तेच लिहिलं. दोघींच्या कोडिंगचा मेळ इतका छान बसला, की कोहेनचा कप्पा, म्हणजे असा मेळ मोजणारा आकडा, कुठल्याही परीक्षकाला खूश करेल असा आला.

दोन पानं पुढे त्याच बाई म्हणतात, "घोर नसला तर मी आई कशाची हो?" ही ओळ दोघींनीही कोरी सोडली होती.

म्हणजे त्या बाईंच्या लेखी घोर हा आजार नव्हताच, ते तिचं आईपण होतं. दोघी एकाच ठिकाणी चुकल्या आणि आकड्याने त्या चुकीवर शिक्का मारला. मानसशास्त्रज्ञ लुसी यार्डली यांनी २०००मध्ये गुणात्मक संशोधनाचे निकष मांडले, त्यात संदर्भाचं भान हा एक निकष आहे. माझ्या मते तो सगळ्यात आधी यायला हवा, कारण तो सुटला की बाकीच्या काटेकोरपणाला अर्थ उरत नाही.

मग कुणी सुचवतं, निष्कर्ष त्या बाईंनाच दाखवून या. जरूर दाखवा. पण आपल्याकडे चहा पुढे करत त्या म्हणणार, "तुम्ही शिकलेली माणसं, बरोबरच लिहिलं असेल." याला दुजोरा म्हणायचं का? त्यापेक्षा त्यांचं वाक्य त्यांना वाचून दाखवा आणि विचारा, "घोर म्हणजे नेमकं काय होतं हो?"

प्रबंधात 'मुलाखतींतून थीम पुढे आल्या' असं लिहितात (थीम म्हणजे मुलाखतींमधलं समान अर्थसूत्र), त्यावर ब्राउन आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्येच बोट ठेवलं होतं. थीम मातीतून उगवत नाहीत, आपण त्या घडवतो. म्हणून घडवणारा कोण आहे, हे वाचकाला कळायला हवं. मी या मुलीला काम करताना स्वतःच्या मनात काय येतं, ते रोज वहीत लिहायला सांगितलं. आठवड्याने ती वही घेऊन आली. ती स्वतः हॉस्टेलवर राहायची, आईचे दिवसातून चार फोन यायचे आणि तिला त्याचा जाच व्हायचा. त्या बाईंच्या बोलण्यात ती आपल्याच आईचा आवाज ऐकत होती.

तिने सगळ्या मुलाखती पुन्हा मराठीतून वाचल्या. इंग्रजी प्रबंधात 'घोर' हा शब्द तिने देवनागरीतच ठेवला आणि अर्थासाठी अर्धं पान खर्च केलं. वहीतली ती नोंदही पद्धतीच्या प्रकरणात आहे.