कापलेले दोनशे रुपये

श्रोतेहो, नमस्कार.

तुम्ही नोकरी करत असाल तर पगाराची स्लिप एकदा नीट पाहा. बहुतेकांना व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील. ते कशासाठी, याचं उत्तर आपल्याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आहे.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथे एक प्रयोग केला. अंगमेहनतीची तयारी असलेल्याला सरकारनं काम द्यायचं. पाऊस गेला आणि मजुराची चूल विझली, तर आपल्याकडे म्हणायचे, ज्याचं त्याचं नशीब. कुणी पायलीभर ज्वारी घालायचं, पण घेणाऱ्याची मान खाली जायची. एका घरची चूल विझली तर कारण त्या घरात शोधावं. अख्खा तालुकाच होरपळतो तेव्हा कुणाच्या घरात शोधणार? १९७२च्या दुष्काळात बायामाणसं रणरणत्या उन्हात खडी फोडत होती. ती आळशी होती असं कोण म्हणेल?

१९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९पासून लागू झाला. मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. मजुराची मान वर झाली ती इथे, कारण आता तो हक्कानं मागत होता. पैसा उभा राहिला तो व्यवसाय करासारख्या करांतून, आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. सांगलीच्या पेठेतला कारकून आटपाडीच्या मजुराच्या कामाला हातभार लावू लागला. ज्याला झळ लागलेली नाही तोही भार उचलतो, तेव्हा प्रश्न धोरणाचा होतो, असं मी मानतो. २००५ साली तर देशाचाच कायदा झाला.

दोन भावांमधलं बांधाचं भांडण त्यांनीच मिटवावं. त्यात सरकार नको.

पण महापुराचं काय? २००५, २०१९, २०२१. सांगलीच्या मारुती चौकातल्या दुकानदाराला अजून ऐकावं लागतं, ‘नशीब तुझं, नदीकाठी दुकान घेतलंसच कशाला?’ कोयनेतून पाणी कधी आणि किती सोडायचं, पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, यातलं काहीच त्या दुकानदारानं ठरवलेलं नाही.