उपाशी पोटी किती पळता येतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचंय ते बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांबद्दल, आणि त्यातही आईबाप नसलेल्या पोरांच्या कादंबऱ्यांबद्दल. अशा गोष्टी जगभर लिहिल्या गेल्या, आजही लिहिल्या जातात. आईबाप नाहीत म्हटलं की पोराला स्वतःच दार ठोठवावं लागतं, स्वतःच काम मागावं लागतं. गावातला कोण माणूस कसा आहे, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. म्हणून लेखकाला असं पोर हवं असतं.

पण मला हे शिकवलं एका मुलीनं, म्हणून तिचीच गोष्ट सांगतो.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात मी बरीच वर्षं वाचनालय सांभाळतो आहे. तिथं आठवीतली एक मुलगी यायची. नाव सांगत नाही. आधी आई गेली, दोन वर्षांनी बाप गेला. ती आणि धाकटा भाऊ आजीजवळ. दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की ती आजीबरोबर वेचणीला जायची. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजला जाईल तेवढी मजुरी. त्या दिवसांत शाळा बुडायची, पण शनिवारी वाचनालय बुडायचं नाही.

तिला मी एक साहसकथा दिली. अनाथ मुलगा, जंगल, पाठीमागे लागलेले चोर. आठवड्यानं पुस्तक परत आलं, उघडतो तर पानापानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. मी रागावलो. वाचनालयाचं पुस्तक आहे, असं लिहू नये, म्हणून बोललो. ती मान खाली घालून उभी. मग हळूच अहिराणीत म्हणाली, "आप्पा, तो जठे जेवना तठे खूण कयी."

जिथं जिथं तो जेवला, तिथं तिथं खूण. मी पुस्तक पुन्हा चाळलं. पहिल्या पन्नास पानांत चार खुणा. पुढं जंगलाचा भाग, तिथं एकही नाही. ती म्हणाली, "त्यानी तीन दिन काहीच खादं नही. मंग तो इतला पयस कसा?"

तीन दिवस उपाशी पोर इतकं पळतं कसं? श्रोतेहो, मला उत्तर देता आलं नाही. मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. तिला पडला, कारण सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, अर्धी भाकरी खाऊन शेतात गेलं की दुपारी पाय कसे होतात, हे तिला माहीत होतं. लेखकाला ते माहीत नव्हतं, किंवा त्यानं विचारच केला नाही.

तेव्हापासून अनाथ मुलाची कुठलीही कादंबरी हातात आली की मी एकच गोष्ट बघतो. तो काय खातो? पुन्हा सांगतो, तो काय खातो, आणि ते त्याला कोण देतं? एवढं बघितलं की लेखकाला गरिबी माहीत आहे की नाही, ते कळतं.

याच कसोटीवर मी इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' पुन्हा वाचली, श्रमगृहात जन्मलेल्या अनाथ ऑलिव्हरची कादंबरी. १८३७ साली ती मासिकातून हप्त्याहप्त्यानं यायला लागली. त्याआधी तीन वर्षं, १८३४ मध्ये, इंग्लंडात गरिबांचा नवा कायदा झाला होता. श्रमगृहं, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणारी घरं, मुद्दाम अशी ठेवायची की बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरालाही आत यावंसं वाटू नये, असं त्यामागचं धोरण. म्हणून ऑलिव्हरच्या ताटात दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा कांदा आणि रविवारी अर्धा पाव. डिकन्सनं ते मोजून लिहिलंय. लिहिणारच, कारण बाप कर्जापायी तुरुंगात गेला तेव्हा बारा वर्षांचा हा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद चिकटवत होता.

आता जरा वेगळं बोलतो. आपल्याकडे लोक अनाथ मुलांना पुस्तकं देतात ती फाटकी, रद्दीत निघालेली, दहा वर्षांपूर्वीची गाइडं. असं करू नका. द्यायचं तर कोरं पुस्तक द्या, ज्याला अजून शाईचा वास येतो. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात होते, तेव्हा ते मुलांसाठी स्वतःच्या हातानं 'छात्रालय दैनिक' लिहून काढत. ताजं, त्या दिवसाचं, त्याच मुलांसाठी लिहिलेलं. दुसरं म्हणजे, अहिराणी बोलणाऱ्या पोरांनी पुस्तकात आपली बोली बघायला हवी. शहरातली शुद्ध मराठी बोलणारा अनाथ आमच्या पोरांना परका वाटतो. असो, मुद्द्यावर येतो.

शेवटी ऑलिव्हरला वारसाहक्काची मालमत्ता मिळते. दहा वर्षांनी आलेल्या 'जेन एअर' या इंग्रजी कादंबरीतल्या अनाथ जेनलाही काकाचे वीस हजार पौंड मिळतात, आणि ती त्याचे चार वाटे करते. वाटे करते म्हणून ती मला जास्त आवडते. पण ज्यांना असा काका नाही, त्यांनी काय करायचं? आपल्या लेखकांनी ही गोष्ट लिहावी असं मला मनापासून वाटतं. काका न सापडलेल्या पोराची, ज्याची आजी आजारी आहे आणि उद्याही वेचणीला जायचंच आहे, त्याची. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. पण त्यासाठी अनाथ असल्याचा कागद लागतो, आणि आजीजवळ वाढणाऱ्या पोराला तो कागद सहज मिळत नाही. त्या कागदासाठी घातलेले खेटे, हीसुद्धा कादंबरी आहे.

ऑलिव्हरचा मराठी अनुवाद मी त्या मुलीला दिला. या वेळी पेन्सिलही दिली. दोन शनिवार गेले, मग पुस्तक आलं. ऑलिव्हर आणखी पेज मागतो आणि त्याला ती मिळत नाही, त्या प्रसंगाशी खूण नव्हती, फुली होती. लंडनकडे सात दिवस चालत जाताना वाटेत एका नाकेदारानं त्याला भाकरतुकडा आणि चीज दिलं, तिथं जाड खूण. पुढं रस्त्यावर भेटलेलं एक चोर पोर त्याला पोटभर जेवू घालतं, तिथं तर दोन.

शेवटच्या पानांवर मात्र एकही नाही. मी विचारलं, इथं का नाही?

"तठे तो रोज जेवस, आप्पा. मंग काय मोजानं?"

नमस्कार.