शाल, श्रीफळ आणि स्पायरल बाइंडिंग

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘पदव्युत्तर अध्यापनातली गुणवत्ता कशी ओळखावी’. संयोजकांनी पाऊण तास दिला होता. त्यातला बराचसा दीपप्रज्वलन, परिचय आणि माइकची कुरकुर यांत गेला. तक्रार नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून पुण्यात वेळेची तक्रार श्रोत्यांनी करायची असते, वक्त्याने नाही.

मुद्द्याकडे येतोच, पण आधी एक किस्सा. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही. पहिल्या दोन रांगांना ते कळेल, त्यांनीही सांगू नये.

आमच्याकडे एक मॅडम होत्या, एम.ए.ला अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्राचे हिशेब तपासायची विद्या, शिकवायच्या. वर्गात फार रंगवून बोलत नसत. किंबहुना फळ्याकडे तोंड करूनच जास्त बोलत. पण मुलांनी दिलेला डिझर्टेशनचा, म्हणजे पदवीसाठी लिहायच्या छोट्या प्रबंधाचा, मसुदा त्या घरी न्यायच्या आणि परत यायचा तेव्हा समासात पेन्सिलीने गच्च लिहिलेलं असायचं. एका मुलाने राष्ट्रीय नमुना पाहणीचा डेटा घेऊन ग्रामीण कुटुंबांच्या खर्चाची सरासरी काढली होती. तक्ता सुरेख, निष्कर्ष त्याहून सुरेख. मॅडमनी समासात लिहिलं, ‘मल्टिप्लायर लावलेत का? ही सरासरी कुटुंबांची की माणसांची?’ (पाहणीतलं एक कुटुंब प्रत्यक्षातल्या किती कुटुंबांच्या वतीने मोजायचं, तो आकडा म्हणजे मल्टिप्लायर.) बास. पोरगं आठवडाभर गायब. परत आला तेव्हा तक्ता बदलला होता, निष्कर्ष उलटा झाला होता, आणि नमुना म्हणजे काय हे त्याला जन्मभरासाठी कळलं होतं. ज्या शहरात दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी याच पाहणीच्या आकड्यांवरून १९७१ साली देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तिथे हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा ना?

तर या मॅडमना विभागप्रमुखांनी उत्कृष्ट शिक्षक पुरस्काराचा अर्ज भरायला लावला. हो, अर्ज. आपणच आपल्याला उत्कृष्ट म्हणायचं आणि खाली सही करायची. पाच प्रती, स्पायरल बाइंडिंग, प्रत्येक पानावर क्रमांक, विभागप्रमुखांचा दाखला, वर्तमानपत्रातली कात्रणं, आणि अध्यापनाचे जिओटॅग केलेले, म्हणजे कुठे काढले त्याची नोंद असलेले, फोटो. मी विचारलं, शिकवतानाचा फोटो काढायचा कुणी? कारकून म्हणाले, ‘सर, बाकीचे शिपायाला उभा करतात.’

अर्जात एक रकाना होता, ‘नावीन्यपूर्ण अध्यापन पद्धती (किमान ५०० शब्द)’. मॅडमनी लिहिलं, ‘मसुदे वाचते.’ समितीने बोलावलं, पुरावा मागितला. मॅडम दुसऱ्या दिवशी रिक्षातून दोन पिशव्या भरून जुने मसुदे घेऊन गेल्या. त्या पिशव्या कुणी उघडल्या नाहीत. एक सदस्य म्हणाले, ‘हे सॉफ्ट कॉपीत नाही का?’ पुरस्कार दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाला. त्यांची फाइल रंगीत होती. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं यथासांग झालं. ते कसं शिकवत, मला माहीत नाही. समितीलाही माहीत नव्हतं, आणि माझं दुखणं तेवढंच आहे.

कुणी म्हणेल, ही एका समितीची गोष्ट झाली. मग विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली काढून बघा. बढतीच्या वेळी अध्यापन कसं मोजतात? नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले. ८० टक्के किंवा जास्त, तर ‘चांगलं’. ७० ते ८० टक्के, तर ‘समाधानकारक’. त्या तासात काय झालं, हा प्रश्नच नाही. आणि त्याच नियमावलीत मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला भाषा-सामाजिक शास्त्रांत १० गुण, विज्ञानात ८. पदव्युत्तर डिझर्टेशनच्या मार्गदर्शनाला? २. शहाणा माणूस पेन्सिल कशाला झिजवेल?

(हशा) हसताय, पण तुमच्यातले निम्मे या गुणांवर प्रोफेसर झालेत.

यावर हमखास उत्तर येतं की विद्यार्थ्यांनाच विचारा. विचारतात की! परीक्षेच्या तोंडावर मोबाइलवर एक फॉर्म येतो आणि मुलं बसमध्ये उभ्या उभ्या सगळ्यांना पाचपैकी चार देऊन टाकतात. बरं, मनापासून भरला तरी काय? बॉब उट्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून पुन्हा तपासले. विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले, यांत त्यांना जवळपास काही संबंध सापडला नाही. आमच्या मॅडमना अशा फॉर्मवर कमीच गुण पडायचे. निष्कर्ष उलटा करायला लावणारी बाई कुणाला आवडेल?

शिवाय पुण्यातला एम.ए.चा वर्ग म्हणजे वेगळंच प्रकरण. निम्मी मुलं पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करत असतात आणि आपल्याकडे हजेरीपुरती येतात. त्यांना दोष देत नाही, पण त्यांच्याकडून गुणवत्तेचा दाखला मागू नका.

डेक्कन कॉलेज १९३९ साली पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं, तेव्हा तिथे पुरातत्त्वज्ञ सांकलिया आले, मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे आल्या. सांकलियांचा अर्धा वर्ग उत्खननाच्या खड्ड्यात भरायचा. नेवाशाच्या त्या मातीत कुणी किती टक्के तास घेतले हे…

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ म्हणजे तीन.

तर आता व्याख्यान. पदव्युत्तर पातळीवर चांगलं शिकवणं व्याख्यानात कमी दिसतं, विद्यार्थ्याच्या कामात जास्त दिसतं. म्हणून समितीने फाइल मागवू नये, कागद मागवावेत: एका डिझर्टेशनचा पहिला मसुदा आणि शेवटचा, शिक्षकाच्या शेऱ्यांसकट. आणि त्या शिक्षकाने काढलेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका. प्रश्न दरवर्षी तेच असतील तर पुढे वाचायची गरज नाही.

अर्ज बंद. नाव दुसऱ्याने सुचवायचं, आणि तेही पास होऊन तीन-चार वर्षं झालेल्या विद्यार्थ्यांनी. बँकेत, शाळेत, एखाद्या संस्थेत काम करताना ज्याची शिकवण रोज उपयोगी पडते, त्याचं नाव तोवर वर आलेलं असतं. नाव सुचवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: या शिक्षकामुळे तुमच्या कामातलं नेमकं काय बदललं? उत्तरात ‘प्रेरणा’ आली की तो कागद बाजूला ठेवा.

तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधन घेणारे, शिक्षक यात धरा. आज कित्येक विभागांत एम.ए.चे निम्मे पेपर तेच शिकवतात, आणि नियमित सेवेची अट घालून आपण त्यांना आधीच बाद करतो.

आणि शाल नको हो. पुण्यात प्रत्येक प्राध्यापकाच्या कपाटात डझनभर शाली आहेत. एका सत्राचा निम्मा कार्यभार कमी करा, मसुदे वाचायला वेळ द्या. तासिकेवरच्या माणसाला वाचनाच्या तासांचे पैसे द्या. यावर वित्त विभाग काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, त्याचं उत्तरही माझ्याकडे आहे, पण ही दुसरी चिठ्ठी आली आणि हिच्यावर वेळ लिहिलेली नाही, नुसतं ‘सर’ लिहिलंय.