मोरीतलं झुरळ वरणाच्या गंजावर

नमस्कार मंडळी, काय चाललं? रात्री पाणी प्यायला उठलं, लाइट लावला की ओट्यावरून सुर्रकन झुरळ पळतं, आपण चप्पल हाणतो न् जाऊन झोपतो. पण ते आलं कुठून, हे पाहाच बापा.

मोठं लालसर झुरळ राहतं नालीत, संडासाच्या टाक्यात, खातं तिथली घाण, थुंकी, कोणाची उलटी, काहीही, न् रात्री मोरीच्या जाळीतून वर येऊन झाकण नसलेल्या वरणाच्या गंजावर चढतं. त्याच्या पायाला बारीक काटे असतात, त्यात घाण अडकते, पोटात साल्मोनेला, शिगेला, ई कोलाय असे जंतू असतात ते वेगळेच, न् खाता खाता झुरळ ओकतं न् तिथंच हगतं पण! सकाळी तेच वरण नुसतं कोमट करून लेकराच्या ताटात. शिगेला तर लय वंगाळ, 10 ते 100 जंतू पोटात गेले तरी रक्ती आव लागू शकते. आता सगळी हगवण झुरळामुळंच होते असं मी म्हणत नाही, खराब पाणी, माशा, न धुतलेले हात हायेतच.

दुसरं झुरळ लहान, फिकट, मानेमागं दोन काळ्या पट्ट्या, फ्रिजच्या मोटरीजवळ न् मिक्सरच्या बुडात राहणारं. याची मादी अंड्यांची पुडी शेपटीला धरून फिरते, एका पुडीत 30-40 अंडी, मंग चपलेनं किती मारसान?

उपाशी ते लय दिवस काढतं, पाण्याबिगर नाही काढत. म्हणून रात्री ओटा कोरडा करा, गळका नळ दुरुस्त करा, खरकटी भांडी मोरीत ठेवू नका. बोरिक पावडर, कणीक न् साखरेच्या गोळ्या फटीत ठेवा, पण लेकरांचा न् कोंबड्यांचा हात-चोच पोचणार नाही अशा. आणि कपाशीचं उरलेलं औषध घरात मारायचं नाही म्हणजे नाही, 2017 मधे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत माणसं गेली, ते तर उघड्या वावरात.

लेकराला हगवण लागलीच तर ओआरएस पाजत राहा, रक्त दिसलं तर थांबू नका, सरळ दवाखाना. आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घ्या, त्या 14 दिवस द्यायच्या, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून डब्यात टाकून ठेवायच्या नाहीत.