आखूड, कुरळे आणि आपले

नमस्कार, श्रोतेहो. वर्षानुवर्षे स्मूदनिंग किंवा रिबाँडिंग करून सरळ ठेवलेले केस एके दिवशी कापून टाकायचे आणि मूळच्या कुरळ्या, कानाच्याही वर राहतील अशा आखूड केसांनी वावरायचे, असा निर्णय पुण्यातल्या अनेक मुली आणि स्त्रिया आता घेऊ लागल्या आहेत. कात्री चालते ती अर्धा-पाऊण तास. कसोटी लागते ती त्यानंतरच्या महिन्यांत, आणि आज मला त्या महिन्यांविषयीच बोलायचे आहे.

केस कापावेच का लागतात, हे आधी पाहू. केस सरळ की कुरळा, हे त्वचेखाली असलेल्या त्याच्या मुळाशी ठरते. रिबाँडिंगच्या क्रीममधले थायोग्लायकोलेट असो किंवा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यानपिढ्या वापरत आलेल्या रिलॅक्सरमधले, म्हणजे केस सरळ करणाऱ्या क्रीममधले, सोडियम हायड्रॉक्साइड असो, ही रसायने बाहेर आलेल्या केसातील केराटिन या प्रथिनाचे गंधकी बंध तोडतात. मुळाचा आकार मात्र बदलत नाही. त्यामुळे महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर या गतीने पुन्हा कुरळाच केस उगवतो. नवा कुरळा आणि जुना सरळ भाग जिथे जुळतो ती जागा नाजूक असते आणि विंचरताना केस बहुधा तिथेच तुटतो. सरळ झालेल्या भागात मूळचा कुरळेपणा कोणतेही तेल परत आणू शकत नाही. ज्यांच्याकडे धीर आहे त्या दर दोन-तीन महिन्यांनी थोडे थोडे कापत जातात, आणि तोही मार्ग चांगला आहे.

आखूड केस घेऊन घराबाहेर पडल्यावर पहिला प्रश्न कानावर येतो तो, "तिरुपतीला जाऊन आलीस का?" दुसरा प्रश्न आजारपणाचा असतो आणि तो दबक्या आवाजात विचारला जातो. विचारणाऱ्या मावशी-काकूंच्या मनात बहुतेक वेळा काळजीच असते, हे मला मान्य आहे. तरीही ज्या समाजात विधवांचे सक्तीने केशवपन होत असे आणि त्याविरुद्ध जोतीराव फुले यांच्यासारख्यांना उभे राहावे लागले, त्या समाजात स्त्रीचे आखूड केस बघून आजही आधी दुःखच आठवावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. "मला माझे केस असेच हवे आहेत," एवढे शांतपणे सांगितले की पुरेसे होते. त्यापलीकडे खुलासा देण्याची गरज नाही.

आता निगेविषयी. लहानपणी आईने घट्ट वेण्या घातल्या आणि पुढे सलूनने केस सरळ केले, म्हणून आपला केस मोकळा कसा वागतो हे अनेकींनी कधी पाहिलेलेच नसते. नहाल्यावर आरशासमोर उभे राहून नीट पाहा. मानेजवळची वळणे बोटाभोवती गुंडाळल्यासारखी घट्ट असतील, कपाळावरची सैल असतील, आणि ओला असताना भुवईपर्यंत येणारा केस वाळल्यावर अर्ध्या कपाळावर थांबेल. म्हणून पुढच्या वेळी केस कापताना थोडे लांबच ठेवायला सांगावे. टाळूवरचे नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसातून टोकापर्यंत सहज पोहोचत नाही, त्यामुळे कुरळा केस कोरडा पडतो. अशा केसांना रोज शांपू लावू नये. गुंता सोडवायचा तो केस ओले आणि कंडिशनर लावलेले असतानाच, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने. खरखरीत टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा जुन्या सुती पंच्याने हलके दाबून पाणी टिपावे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, तेव्हा नहाण्याआधी ते लावण्याची आजीची रीत इथे उपयोगीच पडते. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी येत असेल तर शेवटचा तांब्या तरी क्षार काढलेल्या पाण्याचा घ्यावा.

पुण्यात दुचाकीशिवाय चालत नाही आणि हेल्मेटखाली आखूड कुरळे केस चपटे होतात. आत सॅटिनचा पातळ रुमाल बांधावा आणि ऑफिसात पोहोचल्यावर ओल्या बोटांनी वळणे पुन्हा उचलावीत. दोन मिनिटांत केस जागेवर येतात. पावसाळ्यात दमट हवेने ते फुगणारच, ते फुगू द्यावेत. टाळूवर चट्टे दिसले किंवा केस मुळापासून झडू लागले, तर मात्र घरगुती उपाय करत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

"मग गजरा कुठे माळायचा?" हा प्रश्न मला लग्नसराईत नेहमी विचारला जातो, आणि तो मला फार आवडतो. तुळशीबागेत साधा काळा हेअरबँड मिळतो. त्यावर मोगऱ्याचा पातळ गजरा दोऱ्याने बांधून घ्यावा आणि दोन्ही कानांमागे एकेक पीन लावावी. नऊवारीवर तो छान शोभतो आणि पंगत उठेपर्यंत जागचा हलत नाही.