एका बाजूचा आवाज बारीक का येतो?

मंडळी, घरच्या सिस्टीमवर एक स्पीकर बारीक वाजायला लागला की हात आधी बॅलन्सच्या, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणाकडं जातो. तो जाऊ देऊ नका, एवढंच सांगायला मी आज आलोय. बटण फिरवलं की दोष झाकला जातो आणि मग तो शोधायलाच कुणी बसत नाही.

आधी बॅलन्स मध्यावर आणा. मोबाइलवरून गाणं लावत असाल तर त्याच्या ॲक्सेसिबिलिटीतही डावं-उजवं सरकवायची पट्टी असते, तीही बघा. मग ॲम्प्लिफायर बंद करा. चालू असताना वायरींची टोकं एकमेकांना लागली तर ॲम्प जळू शकतो. आता मागच्या डाव्या-उजव्या स्पीकर वायरींची अदलाबदल करा. लाल लालला, काळी काळीला. बारीक आवाज त्याच स्पीकरवर राहिला, तर दोष स्पीकरात, त्याच्या वायरीत किंवा खोलीत. बाजू बदलली, तर ॲम्पमध्ये किंवा त्याच्याही आधी. वायरी पूर्ववत करून इनपुटच्या, म्हणजे प्लेअरकडून ॲम्पमध्ये येणाऱ्या केबलच्या डाव्या-उजव्या पिना उलटसुलट लावा. आता बाजू बदलली तर ॲम्प निर्दोष. केबल किंवा प्लेअर तपासा. एका वेळी एकच बदल करायचा, हे मात्र कटाक्षानं पाळा.

आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, मग पिना आणि ॲम्पमधल्या रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे) पॉइंट कसे सुटतील? पिना काढून-घालून, पुसून बघा. व्हॉल्यूमचं बटण खरखरत असेल तर कारागिराकडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या. आणि फक्त हळू आवाजातच फरक जाणवतो, वाढवला की दोन्ही बाजू सारख्या होतात, असं असेल तर बिघाड समजू नका. व्हॉल्यूमच्या पॉटमधले, म्हणजे बटणामागच्या भागातले डाव्या-उजव्या बाजूंचे दोन ट्रॅक अगदी खालच्या टोकाला सहसा तंतोतंत जुळत नाहीत. मोबाइलचा आवाज थोडा उतरवा आणि ॲम्पचं बटण वर चढवून ऐका.

खोलीचं म्हणाल, तर एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा दाराशी मोकळा, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. कोपऱ्यातला बास फुगतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो. खोलीत तेवढा नाही, पण जवळचा स्पीकर गाणं आपल्याकडं ओढतोच. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारगायक. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची जुनी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. त्यातलं एक लावा आणि दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा. बाईंचा आवाज बरोबर मधून यायला हवा. तो पसरट, ठाव नसलेला वाटला आणि बासही हरवला असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे.

एवढं करूनही एकच बाजू बारीक वाटते? स्पीकरकडं पाठ करून बसा. बारीक बाजू आता दुसऱ्या कानाला आली, तर प्रश्न यंत्राचा किंवा खोलीचा. त्याच कानाला राहिली, तर कान तपासून घ्या. बऱ्याचदा मळच असतो. पण एका कानानं अचानक कमी ऐकू येऊ लागलं असेल, तर ते अंगावर काढू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा; उपचार लवकर सुरू झाले तरच कान वाचण्याची शक्यता जास्त असते.