नदीत बर्फाचं पाणी किती?

गोमुखाचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. बर्फाची फुटकी भिंत आणि तिच्या पोटातून उसळत बाहेर येणारी भागीरथी. तो फोटो पुन्हा काढून पाण्याचा रंग बघा. मळकट, करडा दिसेल. हिमनदी सरकताना तळाचा खडक दळत जाते आणि त्याचं पीठ पाण्याबरोबर बाहेर पडतं.

गंगोत्री हिमनदी साधारण ३० किलोमीटर लांब. गोमुख हे तिचं खालचं टोक. १८१७ साली हॉजसन आणि हर्बर्ट हे दोन सर्वेक्षक तिथवर पोचले. त्याआधीच्या कित्येक युरोपीय नकाशांत गंगा थेट मानसरोवराच्या बाजूने येताना दाखवली आहे. त्या भागात उगम पावतात त्या सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली. पण गंमत अशी, की कर्णाली पुढे घागरा होऊन गंगेलाच मिळते. म्हणजे नकाशे काढणारे अगदीच वाट चुकले नव्हते!

बरं, गोमुख हाच उगम का? भागीरथी आणि अलकनंदा मिळून गंगा होते त्या देवप्रयागला अलकनंदा जास्त पाणी घेऊन येते, तरी उगमाचा मान भागीरथीला. नदीचं मूळ शोधू नये म्हणतात ते उगीच नाही. मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: पुढे वाहणाऱ्या पाण्यात बर्फाचा वाटा किती?

इथे सगळ्या नद्यांना एका मापाने मोजून चालत नाही. यांगत्से तांगुला पर्वतातल्या हिमनद्यांतून निघते. पीत नदीचा उगम मात्र मुख्यतः झरे, दलदल आणि तळ्यांच्या मुलखात आहे. गंगेचं बहुतांश पाणी पावसाचं. बर्फ जोरात वितळतो तेव्हाच मान्सूनही कोसळत असतो, त्यामुळे मैदानात बर्फाचं पाणी वेगळं जाणवतच नाही. त्याची किंमत कळते ती पाऊस सुरू होण्याआधीच्या कोरड्या आठवड्यांत. सिंधूचं गणितच निराळं. काराकोरममध्ये पश्चिमेकडचे वारे हिवाळ्यात बर्फ आणून टाकतात, खाली मैदानात पाऊस बेताचा, आणि पाकिस्तानातली कालव्यांवरची शेती उन्हाळ्यात वितळणाऱ्या त्या बर्फावर उभी आहे.

हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत संपतील, हे वाक्य तुमच्याही कानावर आलं असेल. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७च्या अहवालातलं ते विधान चुकीचं होतं आणि २०१०मध्ये त्यांनी तसं मान्यही केलं. म्हणून सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. हिंदुकुश-हिमालयात २०११ ते २०२० या दशकात बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने घटला, असं इसिमोड या काठमांडूतल्या पर्वत-अभ्यास संस्थेचा २०२३चा अहवाल सांगतो.

यातली फसवी गोष्ट ही, की वितळणं वाढलं की आधी नदीचं पाणी वाढतं. काही दशकं ते वाढत राहतं. लोक धरणं, कालवे, पिकं त्या वाढीव पाण्याच्या हिशेबाने आखतात, आणि मग हिमनदी इतकी आखडते की तेवढं पाणी देणं तिला जमतच नाही. तोवर सुटलेल्या जागेत तळी साचतात. सिक्कीममधलं दक्षिण ल्होनक तळं असंच वाढत गेलेलं. ऑक्टोबर २०२३मध्ये ते फुटलं आणि तिस्तेच्या लोंढ्याने चुंगथांगचं धरण वाहून नेलं.